खड्ड्याचा धनी

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. या तीस वर्षांत 'सम्राट अशोकाची लोकोपयोगी कामे' या प्रश्नाचं उत्तर मी किती हजार वेळा तपासलं असेल, देव जाणे. अशोकाने रस्ते बांधले, दुतर्फा झाडे लावली, विहिरी खोदल्या, धर्मशाळा बांधल्या. पुढच्या इयत्तेत हेच सगळं शेरशहाने पुन्हा केलं. वरचं नाव झाकलं तर अशोक कुठला आणि शेरशहा कुठला, हे तपासणाऱ्यालाही कळू नये. मी दोघांनाही सारखेच मार्क देत गेलो. पण एवढ्या वर्षांत एकाही पोराने उभं राहून विचारलं नाही, की "सर, त्या रस्त्यांना खड्डे पडले तेव्हा ते कोणी बुजवले?" विचारलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं, हा भाग वेगळा. मला उत्तर येत नव्हतं ना!

बांधणाऱ्याचं नाव राहतं, बुजवणाऱ्याचं राहत नाही. भूमिपूजनाला नारळ फुटतो, उद्घाटनाला फीत कापली जाते. पण खड्ड्यात डांबराचं घमेलं ओतून पुढे गेलेल्या माणसाच्या गळ्यात कोणी हार घातल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. हे विचार मला निवृत्तीनंतर सुचू लागले, आणि त्याचं कारण आमच्या घरासमोरचा एक खड्डा. आता तुम्ही म्हणाल, झालं, आता हा नगरपालिकेला शिव्या घालणार. नाही. वाचकहो, तशी सोय असती तर हा लेख मी फार आनंदाने लिहिला असता.

आमचं शिरपूर अरुणावतीच्या काठी, मुंबई-आग्रा रस्त्यालगत वसलेलं. जमीन काळी, कपाशीची. कपाशीला ती आई आहे; रस्त्याला मात्र सासू. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि अशा भेगा पाडते की त्यात चप्पल गेली तर वहाणेचा नाद सोडावा. अशा जमिनीवर रस्ता टिकवणं म्हणजे झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर पाट मांडून जेवायला बसण्यासारखं आहे. म्हैस कधी कूस बदलेल, सांगता येत नाही.

आमच्या गल्लीला रस्ता असा नव्हताच. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे वेळ होता, चांगलं अक्षर होतं आणि रिकामे फुलस्केप होते. मी अर्ज लिहायला बसलो. १९६५ सालच्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सार्वजनिक रस्ते बांधणं आणि दुरुस्त ठेवणं हे परिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे, हे वाक्य मी लाल शाईने अधोरेखित करीत असे. खाली 'प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, धुळे' असं लिहिलं की उगीचच छाती दोन इंच फुगायची. करवंद नाक्यावर चहा पिताना, पाचकंदीलला भाजी घेताना, खंडेराव महाराजांच्या यात्रेत पाळण्यासमोर उभं राहूनसुद्धा मी नागरी कर्तव्यावर बोलत असे. माणसं मला पाहून गल्ली बदलू लागली. गल्लीला रस्ता नसल्यामुळे त्यांना तेही अवघड जायचं.

कचेरीतला इंजिनिअर माझाच विद्यार्थी. (शिरपुरातली निम्मी कचेरी माझी विद्यार्थी आहे. म्हणूनच मला काळजी वाटते.) नव्या पद्धतीने तो इंजिनिअर, आम्ही जुनी माणसं त्याला अजून ओव्हरसियरच म्हणतो. त्याने एकदा मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि रस्ता कसा होतो ते समजावून सांगितलं. आधी जागेवर मोजमाप. मग अंदाजपत्रक, ते सरकारी दरसूचीवर बसवायचं, म्हणजे गिट्टी किती, मुरूम किती, डांबर किती, मजुरी किती, सगळं ठरलेल्या भावात. मग तांत्रिक मान्यता. मग प्रशासकीय मान्यता. मग निधी. मग निविदा. मग कार्यादेश. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली तर थांबायचं. पाऊस लागला तरी थांबायचं, कारण डांबराचं आणि पाण्याचं हाडवैर. पाऊस थांबेतो दिवाळी, दिवाळी संपेतो लग्नसराई, आणि मग एकदम मार्चअखेर, जेव्हा निधी खर्च झाला नाही तर परत जातो.

"आमच्या मुलीचं लग्नसुद्धा इतक्या पायऱ्यांनी ठरलं नव्हतं रे," मी म्हणालो.

"सर, लग्नाला दोषदायित्व कालावधी नसतो," तो म्हणाला. "रस्ता केल्यावर ठरलेल्या मुदतीत काही बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने करून द्यायचं. तोवर त्याची अनामत आमच्याकडे."

मला हे कलम फार आवडलं. जावयाच्या बाबतीत असं काही असतं तर, हा विचार मनात आला; पण सौ. घरी होती, म्हणून तो मी मनातच ठेवला.

आणि एक गोष्ट त्याने फार मन लावून सांगितली. रस्त्यात क्रम महत्त्वाचा. आधी गटार, मग पाण्याची लाइन, मग घरोघरच्या नळजोडण्या, आणि सगळ्यात शेवटी डांबर. हा क्रम उलटा झाला की केलेला रस्ता दुसऱ्या दिवसापासून फुटायला लागतो. त्याप्रमाणे २०२५ च्या जानेवारीत रिक्षावर भोंगा लावून दवंडी फिरली, की या गल्लीतल्या ज्यांना नळजोडणी घ्यायची असेल त्यांनी ती डांबरीकरणाआधी घ्यावी, नंतर रस्ता फोडू दिला जाणार नाही. रिक्षा तीन दिवस फिरत होती. दुपारी एक ते चार. मी तिन्ही दिवस ती ऐकली, कूस बदलली आणि म्हणालो, "बघू."

मार्चमध्ये रस्ता झाला. मी ओट्यावर खुर्ची टाकून, डोक्याला उपरणं गुंडाळून, पंचासारखा बसलो होतो. आधी काळी माती उकरून मुरूम टाकला. मग मोठी गिट्टी, तिच्यावर बारीक गिट्टी, मग पाणी मारून रोलर. मॅकॅडम नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने दोनशे वर्षांपूर्वी ही रीत रूढ केली. खालची जमीन कोरडी ठेवा, वर फोडलेल्या दगडाचं कवच घट्ट बसवा, मग कितीही गाड्या जाऊ द्या, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे त्याने डांबर वापरलंच नाही. ते पुढे आलं. मॅकॅडम १८३६ साली वारला, पण त्याचं नाव आमच्या ठेकेदाराच्या मुकादमाच्या तोंडी अजून आहे, फक्त 'मकडम' या रूपात.

या सगळ्यावर शेवटी डांबराचं कारपेट. वाफाळतं मिश्रण पसरलं, रोलर फिरला. मी खाली उतरून ओव्हरसियरला जाडी विचारली. "वीस मिलिमीटर, सर." म्हणजे बोटाच्या एका पेराएवढीही नाही! ज्याच्यावर आपण लोकशाही, करव्यवस्था आणि देशाचं भवितव्य यांविषयी बोलतो, तो रस्ता वरून एवढाच असतो. त्याला भोक पडलं नाही तोवर तो पाणी अडवतो. एकदा पडलं, की पाणी खाली जातं, मुरूम सैल होतो, काळी माती फुगते, आणि मग वरचं कारपेट म्हणजे नुसती कात.

रस्ता सुरेख झाला, हे मला इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. मध्ये किंचित उंच, दोन्ही कडांना उतार. संध्याकाळी आम्ही नवरा-बायको त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत उगीचच चालून आलो.

मे महिन्यात मुलाचं ठरलं, की वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवायचे. भाडेकरू म्हणजे दुसरा नळ. पाण्याची मेन लाइन रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. मी कचेरीत जायला निघालो होतो, खरंच निघालो होतो. पण तिथे माझा विद्यार्थी मला दवंडीची आठवण करून देणार. रस्ता फोडण्याची परवानगी, दुरुस्तीचा खर्च भरा, ठरलेल्या पद्धतीने भरून घ्या. आणि ज्या माणसाने रस्त्यासाठी तीन वर्षं अर्ज केले, त्यानेच दोन महिन्यांत तो फोडायचा अर्ज द्यायचा! मला लाज वाटली. लाज ही मोठी विचित्र चीज आहे, वाचकहो. ती माणसाला वाईट काम करू देत नाही असं आम्ही वर्गात शिकवायचो. प्रत्यक्षात ती फक्त दिवसाढवळ्या करू देत नाही.

फिटर म्हणाला, "सर, रातले करी टाकूत. सकायले कोन्ले समजाव नही."

रात्री अकराला सुरू केलं, दोनला संपलं. हातभर रुंद चर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. फेरूल बसवलं, पाइप टाकला, निघालेली मातीच वर लोटली, पायाने दाबली. धुम्मस आणला नव्हता. आवाज झाला असता. मी म्हणालो, "नंतर पक्कं करून घेऊ." हे 'नंतर' मराठी भाषेतलं सर्वांत खोल क्रियाविशेषण असावं.

जूनमध्ये पाऊस पडला आणि चर बसला. आधी वीतभर, मग हातभर, मग त्याच्या कडेचं कारपेट तुटत तुटत आमच्या फाटकासमोर एक प्रशस्त खड्डा तयार झाला. आमचा तालुका 'शिरपूर पॅटर्न'साठी प्रसिद्ध आहे. सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकांनी २००४ पासून इथले नाले रुंद आणि खोल करून, त्यांत बंधारे बांधून पाणी अडवलं आणि जिरवलं. बाहेरगावची माणसं ते पाहायला येतात. त्याची घरगुती आवृत्ती मी माझ्या दारात, स्वखर्चाने, रातोरात उभी केली होती. पाणी अडत होतं, जिरतही होतं. बेडूक तर उत्तम होते.

आषाढातल्या एका पहाटे आमच्याकडे दूध घालणारे आप्पा त्यात पडले. पाण्यामुळे खड्डा दिसला नाही. सायकल आडवी, किटल्या आडव्या, दूध खड्ड्यातल्या पाण्यात मिसळलेलं. दुधात पाणी असतं अशी तक्रार मी त्यांच्याकडे रोज करीत असे. पाण्यात दूध मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. मी धावत गेलो. आप्पांनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. ते काही ओरडले नाहीत. त्या खड्ड्याकडे पाहून मला एवढंच म्हणाले,

"हाऊ खड्डा कोन्हा शे, सर?"

आणि मी, क्षणाचाही विलंब न लावता, म्हणालो, "नगरपालिकेचा! दुसऱ्या कोणाचा?"

विचार करून खोटं बोलणाऱ्याला निदान विचार केल्याचं श्रेय असतं. मला तेही नव्हतं. शिंक यावी तसं ते वाक्य आलं. इतकी वर्षं प्रत्येक खड्ड्याबद्दल मी हेच वाक्य बोलत आलो होतो, त्यामुळे जिभेला सवय होती. स्वतःचा खड्डा ओळखण्याची सवय नव्हती.

मग मी माणुसकी दाखवली. आप्पांना रिक्षातून दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, प्लास्टर झालं, सगळे पैसे मी दिले. सांडलेल्या दुधाचेही दिले. गल्लीत बोलबाला झाला, की सर देवमाणूस. दुसऱ्याच्या चुकीचा भुर्दंड आपण सोसला. वाण्याने मला उठून नमस्कार केला. मी नम्रपणे "अहो, त्यात काय," म्हणालो. फक्त आमची ही काही बोलली नाही. रात्री पानावर भाकरी वाढताना म्हणाली, "देणं होतं ते दान म्हणून दिलंत. बरं जमतं हो तुम्हाला." भाकरी कळण्याची होती, तशी मला आवडते. त्या रात्री घशाखाली उतरेना.

शिकलेल्या माणसाचा एक फायदा असतो. झोप येईना झाली की त्याला तत्त्वज्ञान सुचतं. मी विचार केला, मुळात खड्डा ही वस्तू आहे काय? वस्तू असेल तर तिला मालक असेल. पण खड्डा म्हणजे तर वस्तू नसणं! नसण्याला मालक कसा? आमच्या शाळेतले संस्कृतचे मास्तर अजून शिरपुरातच असतात. त्यांना गाठलं. ते म्हणाले, वैशेषिक दर्शनात आधी सहा पदार्थ होते, पुढे सातवा जोडला, तो 'अभाव'. म्हणजे नसणं हाही एक पदार्थच. त्याचे प्रकारसुद्धा आहेत. वस्तू होण्यापूर्वीचं तिचं नसणं, तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. वस्तू नष्ट झाल्यानंतरचं नसणं, तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, पण शेवट नाही.

मी थक्क झालो. रस्ता होण्याआधीची आमची गल्ली म्हणजे शुद्ध प्रागभाव. अनादी काळापासून रस्ता नव्हता आणि मार्चमध्ये ते नसणं संपलं. आणि माझा खड्डा प्रध्वंसाभाव. सुरुवात मे महिन्यात रात्री अकरा वाजता, शेवट नाही! दर्शनकारांच्या गावाला रस्ते असल्याशिवाय इतकं अचूक लिहिता येणार नाही.

"पण मास्तर, अभावाचा मालक कोण?"

"अभावाचा प्रतियोगी असतो," ते म्हणाले. "जे नाहीसं झालं ते. मालकाचं शास्त्रात काही नाही. ते ज्याने फोडलं त्याला विचार." मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. तरी ते माझ्याकडे चष्म्यावरून पाहत होते.

आप्पांचा हात प्लास्टरमध्ये सहा आठवडे होता. तोवर दूध घालायला त्यांची मुलगी यायची. दहावीतली. पहाटे पाचला सायकलवर दोन किटल्या अडकवून निघायची, बारा-चौदा घरं करायची आणि तशीच शाळेत जायची. आमच्या फाटकाशी आली की ती उतरून, सायकल हातात धरून खड्ड्याला वळसा घालून यायची. एकदा मी विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?" म्हणाली, "पहिल्या तासाला झोप येते, सर." मी तीस वर्षं पहिल्या तासाला झोपणाऱ्या पोरांना खडू मारले. त्यांतल्या कोणाकोणाच्या वाटेत कोणाकोणाचे खड्डे होते, याचा हिशेब आता लागायचा नाही.

मी खड्ड्यात विटांचे तुकडे टाकले. सगळेच टाकतात. दोन दिवसांनी ते तुकडे गल्लीभर झाले.

ऑक्टोबरात शेजारचे वकीलसाहेब वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर आले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला होता. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे न्यायालयाने पूर्वीच म्हटलं होतं. आता खड्ड्यामुळे कोणी दगावलं तर वारसांना ६ लाख आणि जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई. आधी पालिकांसारख्या यंत्रणांनी द्यायची, मग दोषी अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायची. वकीलसाहेब खूश होते. म्हणाले, "आपल्या फाटकासमोरचा धरून आपण एक नोटीस ठोकू. तुमचं ड्राफ्टिंग उत्तम आहे."

"समजा," मी म्हणालो, "खड्डा अधिकाऱ्यानेही पाडला नाही, ठेकेदारानेही नाही. गल्लीतल्याच एखाद्या गृहस्थाने..."

"मग त्या गृहस्थाने," वकीलसाहेब वर्तमानपत्राची घडी करत म्हणाले, "वकिलासमोर तोंड उघडू नये."

त्याच अंकात कुठेतरी मुंबईच्या दादाराव बिल्होरे यांची आठवण निघाली असेल असं मला वाटलं, म्हणून मी पानं चाळली. नव्हती. पण मला ते आठवत राहिले. जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल आदळून त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा, प्रकाश, गेला. त्यानंतर हा बाप मुंबईचे खड्डे स्वतःच्या हाताने बुजवू लागला. हा कोणाचा, तो कोणाचा, असं विचारत न बसता. ज्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा सर्वांत जास्त हक्क होता तो घमेलं उचलतो, आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे तो ओट्यावर पेपर वाचतो.

दिवाळीनंतर मी कचेरीत गेलो. अर्ज नेला होता. ओव्हरसियरने तो दोनदा वाचला.

"सर, हा तर कबुलीजबाब आहे. आमच्याकडे तक्रारीचं रजिस्टर आहे, कबुलीचं नाही. आवक कोणत्या सदरात घेऊ?"

"संकीर्ण."

त्याने परवानगीविना रस्ता फोडल्याचा आणि दुरुस्तीचा मिळून आकडा काढला. विद्यार्थी म्हणून एक पैसा सोडला नाही. मला त्याचा अभिमान वाटला. थोडा रागही आला. पावती माझ्या नावाने फाटली. इतक्या वर्षांत नगरपालिकेच्या कागदावर माझं नाव 'अर्जदार' सोडून दुसऱ्या कशापुढे प्रथमच लागलं.

दुरुस्ती मी खुर्ची न टाकता, उभा राहून पाहिली. आधी खड्ड्याच्या कडा चौकोनी, उभ्या कापल्या. सैल झालेलं सगळं काढलं, माझ्या विटासुद्धा. मग मुरूम थराथराने, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. मग गिट्टी. मग कडांना डांबर फासून वर गरम मिश्रण. चार माणसं, अर्धा दिवस. एका मजुराने माझ्याकडे पाहून विचारलं, हे फोडलं कोणी? ओव्हरसियर दुसरीकडे पाहू लागला. मी सांगितलं. तो "बरं," म्हणाला आणि धुम्मस उचलला. एवढंच.

पण आप्पा राहिले होते. कचेरीत कबूल करणं सोपं. तिथे पावती मिळते. त्यांचा हात सुटून महिने झाले होते, दूध पुन्हा तेच घालत होते, आणि मी रोज सकाळी पातेलं पुढे करून हवापाण्यावर बोलत होतो. शेवटी एकदा, पातेलं हातात असतानाच, म्हणालो, "आप्पा, तो खड्डा माझा होता. नळासाठी मी खोदला होता. तुम्हाला त्या दिवशी मी खोटं सांगितलं."

आप्पांनी मापटं किटलीत बुडवलं.

"माले मालूम व्हतं, सर. आख्खी गल्लीले मालूम शे."

"मग मला विचारलंत कशाला?"

"तुम्ही काय सांगतस, ते दखत व्हतू."

त्यांनी दूध ओतलं, वर नेहमीसारखी थोडी धार सोडली, आणि नव्या ठिगळावरून सायकल नेत पुढच्या घरी गेले. दूध त्या दिवशी चांगलंच पातळ होतं. तेव्हापासून रोजच असतं. सौ. म्हणते, तुम्ही बोला. मी अजून बोललेलो नाही.